हजेरीला ओ दिलीस, किसन्या

तुझ्या मयताला माझ्याइतकं मोठ्यानं कुणी रडलं न्हाई, किसन्या. लोकांस्नी वाटलं म्हादू सोंगच काढतोय, आन मागं उभी असलेली दोघं-तिघं हसली.

जत्रंत सोंग घिऊन ह्याच माणसांस्नी हसवायला गेलो तवा ती जांभया देत हुती. मी रडायचा थांबलो न्हाई. थांबलो असतो तर म्हणाली असती, संपलं सोंग, चला घरला.

तर ऐक. आपलं गुर्जी वाचनालयासाठी हस्तलिखित काढत्यात. त्यात तुझ्यावर चार शब्द पायजेत. गावात शहाणी माणसं लय हायती, पर गुर्जी म्हणालं, "किसनजवळ रोज बसायचा त्यो म्हादू. त्याला बोलू द्या." मला अक्षर येत न्हाई. अंगठा तेवढा येतो, त्यो बी दरवेळी येगळाच उमटतो. तवा मी तुझ्या ओसरीत बसून बोलतोय आन तारावैनी लिवत्यात. नवऱ्यानं बायकूला लिवायला शिकवलं म्हणून गाव तुला हसलं हुतं. बघ, आज कुणाच्या कामाला आलं.

आज मला बोललंच पायजे. ज्या तापानं तू गेलास, त्यो आता एक दिवसाआड माझ्या अंगात येतोय. आजचा दिस सुट्टीचा हाय. उद्या पाळी. ह्यो तुझाच ताप माझा माग काढत आलाय का, एवढं एकच मला कळायला पायजे, आन ते सांगणारा तू तर गेलास.

तुला तुझी गोष्ट ठाऊक हाय, पर वाचणाऱ्यांस्नी सांगतो. बर्म्याच्या लढाईतनं तू आलास तवा तुझा डावा पाय गुडघ्यात वाकत न्हवता. विहिरीखालचं रान हुतं, पर ताठ पायानं नांगर धरता येत न्हाई. गुर्जी म्हणालं, "किसन, नांगरामागं चालता येत न्हाई, पर फळ्यापुढं उभं ऱ्हाता येतंय न्हवं? सातवीची फायनल परीक्षा दे. मास्तर हो." तू बसलास. गणितात निघालास, भूगोलात निघालास, मराठीच्या उताऱ्यात गेलास. दुसऱ्या खेपेला अर्ज केलास तवा सांगून ठिवलंस, ही शेवटची. न्हाई जमलं तर सांगलीला हळदीच्या वखारीवर राखणदार.

वैनी म्हणाल्या, "लढाई मारून आलेला माणूस हळदीच्या पोत्यांची राखण करंल व्हय?"

"पोती गोळ्या झाडत न्हाईत," तू म्हणालास. पर तुझं तोंड वाकडं झालेलं मी बघितलं.

त्यो उतारा मंजी काय, हे मला तूच दावलंस. छापलेल्या कागदावर एक गोष्ट असती. मधी मधी जागा मोकळी सोडलेली असती. गोठ्यात खुंटं हायती आन बैल न्हाईत, तशी. खाली कंसात बैल एका दावणीला बांधलेले: म्हणून, कारण, परंतु, तरी, आणि. कुठल्या खुंट्याला कुठला बैल, एवढं सांगायचं. मी म्हणलं, "हे तर शेंबडं पोर करंल." मग तू वाचत गेलास आन मी सांगत गेलो, आन माझा एक बी बैल त्याच्या खुंट्याला गेला न्हाई.

गुर्जींनी आपल्या दोघांस्नी एकदा शाळंच्या पायरीवर बसवलं, आठवतंय?

"पाऊस लांबला, मोकळी जागा, विहिरी आटल्या. किसन, सांग."

"आणि," तू म्हणालास.

"घुबड ओरडलं, मोकळी जागा, पहाटं म्हातारा वारला. म्हादू, तू सांग."

"म्हणून!" मी म्हणलं. ह्यात काय इचारायचं?

गुर्जींनी चष्मा काढला. "एकाला कशाचंच कारण दिसत न्हाई आन दुसऱ्याला नको तिथं दिसतंय. म्हादू, तुझ्या हिशोबानं घुबडाला फासावर द्यायला पायजे. आन किसन, पाऊस आन विहीर ह्यांची तरी सोयरीक मान की रं."

तवा तू जे बोललास ते मी अजून इसरलो न्हाई. जमिनीकडं बघत बोललास. "गुर्जी, एका सकाळी आमी चौघं चहा पीत हुतो. गोळी आली आणि माझ्या शेजारचा पडला, आणि त्याचा चहा सांडला न्हाई, आणि आमी त्यो वाटून प्यालो. तीन हात इकडं आली असती तर मी. सांगा, ह्यात 'म्हणून' कुठं घालू?"

गुर्जींनी चष्मा परत घातला. मग म्हणालं, "परीक्षेत तुला लढाई इचारत न्हाईत, बाबा. पाऊस इचारत्यात, विहीर इचारत्यात. तेवढ्यापुरता तरी इस्वास ठेव."

त्या दिवसापासनं गुर्जींनी मला तुझ्या शिकवणीला लावलं. मी चुकीचं सांगायचं आन तू ते खोडायचं. चुकीचं सांगायचं काम मला पयल्यांदाच कुणीतरी हौसेनं दिलं.

तुझ्या विहिरीवर मी मोट हाकायचो आन तू थारोळ्याजवळ कागद घिऊन बसायचास. बैल धावंवरनं मागं सरकायला लागलं की तू म्हणायचास "जर", आन मोट खाली बुडायची. बैल पुढं ओढायला लागलं की "तर", आन पाणी धो धो थारोळ्यात. "जर-तर" असं पाठ झालं तुझं, बैलांचं बी झालं. मी मोटंवरची गाणी म्हणायचो ती तू बंद केलीस. म्हणालास, "तुझ्या गाण्यानं पाणी नासतंय." खरं हुतं ते. मी गप झालो त्या वर्षी ऊस बरा वाढला.

अशाच एका दुपारी त्यो आला. बैल मागं चाललं हुतं, मोट खाली गेली हुती, तू "जर" म्हणालास. मी बैल पुढं हाकलं. वर "तर" आलंच न्हाई. वळून बघितलं तर ऊन तापलेलं, आन तू थारोळ्याच्या दगडावर अंगाची मुटकुळी करून बसलेला, दातावर दात वाजत हुतं. हातातला कागद थरथरत हुता, वारा न्हवता. मी नाडा सोडून पळत आलो, माझा पटका तुझ्या अंगावर घातला.

"काय रं, किसन्या?"

"काय न्हाई," तू म्हणालास. "जुनं गिऱ्हाईक हाय. बर्म्यातनं वळखीचं."

बैल धावंवर तसंच उभं ऱ्हायलं. भरलेली मोट विहिरीत मधीच लोंबकळत हुती. तू मला हसलास, दात वाजवत हसलास.

पाळीचा ताप, हिवतापच. एक दिवसाआड, जेवणं झाली की यायचा, दिवस कलला की घाम फोडून जायचा. यायच्या आधी तुझ्या पायाची बोटं गार पडायची. दुसऱ्या दिवशी तू ठणठणीत, जसं काय झालंच न्हाई. तेच मला लय भ्या घालायचं. दुखणेकरी माणूस पडून असला की कळतं तरी, दुखणं घरात हाय. इथं दुखणं जायचं आन परत यायचं, चावी असल्यावानी.

वैनींनी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा वढल्या. ताप, सुट्टी, ताप, सुट्टी. तासगावला परीक्षा. रेघा मोजत मोजत त्यांचं बोट मराठीच्या पेपरावर आलं आन थांबलं. तिथं ताप हुता.

मग तुझी चुलती कोपऱ्यातनं म्हणाली, "चुकवायचा. आमच्या येळंला आमी चुकवत हुतो."

आपल्या भागात पाळीचा ताप चुकवायची रीत हाय, किसन्या, ती माझ्या डोसक्यातनं न्हाई निघाली, हे लिवून ठिवा वैनी. त्या दिवशी दुखणेकऱ्यानं ताप यायच्या आधी घर सोडायचं. दुसऱ्याचं कापडं घालायचं, दुसऱ्याचं नाव घ्यायचं. त्याच्या अंथरुणात त्याचं कापडं घालून काहीतरी निजवायचं. ताप दारात येतो, बघतो, माणूस निजलाय, त्यालाच बिलगतो आन जातो. फकस्त एक. दिवेलागण हुईस्तोवर खऱ्या नावाला ओ द्यायची न्हाई. दिली की ताप आवाजाच्या मागनं येतो.

चुलती म्हणाली, "वरवंटा गोधडीत गुंडाळून निजवा."

मी म्हणलं, "काकू, वरवंटा कण्हत न्हाई. मी निजतो. सोंगाचं काम हाय, ते दगडानं कशाला करायचं?"

वैनी म्हणाल्या, "वरवंटाच बरा. त्याला दुपारी भाकरी लागत न्हाई."

तू हसून हसून बेजार झालास. "मी मास्तर हुणार, आन ह्यो असला खुळेपणा करून?" तवा वैनींनी तुझ्याकडं बघितलं. त्या हसत न्हवत्या. "तुमचा इस्वास तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझ्यासाठी करा." तू कबूल झालास. बायकूपुढं कुठल्या पलटणीचं काय चालतंय?

त्या सकाळी तू माझा सदरा घातलास. काखंत फाटका हुता. मी तुझा खाकी कोट घातला, त्याला अजून त्या मुलखाच्या चिखलाचा वास येत हुता. गाडी निघाली तवा आमी समद्यांनी मिळून म्हणलं, "म्हादू, नीट जा रं. म्हादू, नीट लिव." आमच्या घराण्यातनं परीक्षेला निघालेला पयला म्हादू. माझ्या आईनं बघितलं असतं तर आनंदानं मेली असती, आन खरं कळल्यावर परत एकदा मेली असती.

मी तुझ्या बाजल्यावर निजलो. वैनींनी गोधडी घातली. मला वाटलं, मजा हाय, दिवसभर निजायचं. दोन-तीनदा झकास कण्हलो. वैनी आतनं म्हणाल्या, "एवढं न्हाई कण्हत हो ते. त्यांस्नी लाज हाय."

मग जेवणं टळली. ऊन अंगणात उभं ऱ्हायलं. आन मला एकदम काहीतरी सुचलं आन मी ताडकन उठून बसलो.

"वैनी, तिथं हजेरी घेत्यात!"

"निजा आधी. उठू नका."

"परीक्षेत नाव पुकारत्यात, वैनी. त्याचं नाव. ओ दिली तर ताप, न्हाई दिली तर गैरहजर."

वैनींच्या हातातलं सूप खाली ठेवायचं बी त्यांस्नी सुचलं न्हाई. त्या उंबऱ्याच्या आत तशाच बसल्या. आमी चुलतीला इचारलं, गुर्जींस्नी इचारलं, सदऱ्याचा, गाडीचा, भाकरीचा समदा इचार केला, आन परीक्षेत माणसाला नावानं हाक मारत्यात हे एकाच्या बी डोसक्यात आलं न्हाई.

"आता सुचतंय व्हय?" वैनी म्हणाल्या. "डोसकं कुठं हुतं तुमचं?"

"माझं डोसकं तासगावला गेलंय, वैनी. इथं तुमच्या नवऱ्याचं हाय."

त्या हसल्या न्हाईत. मी बी न्हाई.

तवाच दारात हाक आली. "किसन हाय का घरात?"

आवाज ना ओळखीचा, ना परका. मी तोंड उघडलं हुतं, सवयीनं. वैनींनी माझ्या तोंडावर हात दाबला. त्यांची बोटं बर्फावानी गार. परत हाक आली, सावकाश, जशी घाई न्हाई. "किसन हाय का?" आमी दोघं श्वास धरून. दारात सावली पडंल म्हणून मी बघत हुतो. पडली न्हाई. मग काय ऐकू आलं न्हाई. पावलं जाताना बी वाजली न्हाईत. कुत्रं अंगणात निजलं हुतं, ते उठून परसदारी गेलं.

माझ्या पायाची बोटं गार पडली. मग पिंडऱ्या. मग दात वाजाय लागले, आन देवाशपथ सांगतो, मी वाजवत न्हवतो. चार गोधड्या घातल्या वैनींनी. त्या इचारत हुत्या, "भावजी, सोंग हाय न्हवं? सोंग हाय म्हणा." मला सांगता आलं न्हाई. मलाच ठाऊक न्हवतं. जन्मभर खोटं केलं की असं हुतं, खरं आलं तर आपल्याला बी वळखू येत न्हाई.

दिवेलागणीला गाडी वाजली. तू उतरलास, ताठ पाय टाकत आलास, तोंडावर उजेड. अंगात कणभर ताप न्हाई.

"हजेरीला काय केलंस?" मी गोधडीतनंच इचारलं.

"काय करणार? नाव पुकारलं. 'हजर' म्हणलो."

वैनींनी डोळं मिटलं.

"अगं, हजेरी सरकार घेतं, ताप न्हाई," तू म्हणालास. "आन उतारा सोपा हुता. एका जागी 'कारण' घातलं. दोन जागी 'म्हणून'. 'तरी' बी घातलं एक. दोनदा खोडलं, पर घातलं."

मी मातूर दुसऱ्या दिवशी चावडीपुढं छाती काढून बसलो. "किसन्याचा ताप मी खाल्ला. त्यानं तिकडं ओ दिली, तरी ताप फसला. असं सोंग काढलं." पंधरा माणसं ऐकत हुती. मला एवढी माणसं कवाच जमली न्हवती. तेवढ्यात तू आलास, लंगडत, आन सगळ्यांच्या देखत माझा बाजार उठवलास.

"तू कुडकुडलास आणि मी बरा ऱ्हायलो. आणि, म्हादू. म्हणून न्हाई."

"मग कशानं बरा ऱ्हायलास?"

"तारानं सांगलीच्या आण्णांच्या दुकानातनं तापावरच्या कोयनेलीच्या गोळ्या आणल्या हुत्या. पहाटं दिल्या. कडू जहर. त्यानं ऱ्हायलो."

लोक माझ्याकडं बघून हसली. मला राग आला. म्हणलं, "तूच म्हणायचास की, कशानं काय हुत न्हाई, नुसतं एकामागनं एक येतं. आता गोळीनं कसं रं झालं?"

तू लंगडत घरला गेलास. आपण बोलायचं बंद झालो. ते भांडण तसंच ऱ्हायलंय, गड्या. आन एक राहून गेलं सांगायचं. त्या दुपारी दारात कोण आलं हुतं, ते मी गावात घर न् घर इचारलं. एक बी माणूस म्हणत न्हाई मी आलो हुतो. तू म्हणाला असतास, कुणीतरी बैल मागायला आलं असंल, इसरला असंल. असंल. पर बैल मागणारा पावलं वाजवत जातो.

साताऱ्यासनं निकाल आला. गुर्जींनी तालमीच्या कट्ट्यावर उभं ऱ्हाऊन वाचला. तू पास. मी तुझ्याशी बोलत न्हवतो तरी तुला उचलला, आन आपण दोघं बी आपटलो. शाळा मिळाली पाटणच्या अंगाला, डोंगरात. वैनी म्हणाल्या, "तिकडं पाऊस लय." तू म्हणालास, "पाऊस लय, म्हणून विहिरी भरलेल्या." आन गुर्जींकडं बघून डोळा मारलास.

जायच्या आधीच ताप परत आला. ह्या खेपेला सुट्टी न देता. मी आन गुर्जी तुझ्या उशाला बसलो हुतो. इचारलं, "का रं परत आला?"

"गोळ्या संपल्या म्हणून," तू म्हणालास.

साधं बोललास. मी गुर्जींकडं बघितलं, गुर्जींनी माझ्याकडं. शिकवणी पुरी झाली हुती तुझी, आन त्याचा उपेग असा झाला.

मी सांगलीला गेलो. आण्णा दुकानात बसलं हुतं. ते जैन माणूस, सरळ. लबाडी न्हाई त्यांच्यात. त्यांनी फळीवरनं डबा काढून माझ्यापुढं उपडा केला. रिकामा.

"माझ्या आईसाठी ठिवलेल्या त्या तुझ्या वैनीला दिल्या हुत्या, म्हादू. आता पेठेत कुठं मिळणार न्हाई. कोयनेल समदी लढाईवर जातीया."

मी म्हणलं, "आण्णा, लढाई आमच्या गावात बाजल्यावर निजलीया. तिला द्या की."

ते उठून आत गेलं. मला वाटलं शोधायला गेलं. ते डोळं पुसायला गेलं हुतं. तू म्हणाला हुतास, पलटणीत ह्या तापाची पिवळी गोळी मिळायची, रांगेत उभं करून तोंडात घालायचे, नको म्हणलं तर शिक्षा. पलटणीत गोळी झाडत्यात आन गोळी देत्यात. आपल्या गावात दोन्ही न्हाई.

रिकाम्या हातानं आलो. मग मी परत तेच केलं. तुला माझ्या खोपटात नेलं, माझा सदरा घातला. मी तुझ्या बाजल्यावर, तुझ्या कोटात. तू नको म्हणाला न्हाईस. तेवढा जोरच न्हवता तुझ्यात. मी दुपारभर दाराकडं कान लावून पडलो. वाट बघत हुतो, किसन्या. हाक येऊ दे म्हणत हुतो. ह्या खेपेला मी ओ देणार हुतो. मोठ्यानं देणार हुतो, "हाय, किसन हाय, ये आत."

हाक आलीच न्हाई. ज्याला घर ठाऊक झालंय, त्यो दारात इचारत बसत न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन खोपटाच्या दारात आलं तवा तू मला जवळ बोलावलंस. "पाटणच्या शाळंला कळव. मास्तर येत न्हाई."

"कारण काय सांगू?"

"कारण सांगू नको," तू म्हणालास. "नुसतं कळव."

ऊन तुझ्या पायापतुर आलं हुतं. तेवढ्यात तू गेलास. माझ्या घरात, माझ्या फाटक्या सदऱ्यात. बायकांनी सदरा बदलायला घेतला तवा वैनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या थोडा येळ." त्या सदऱ्याला तेवढा मान कवाच मिळाला न्हवता.

किसन्या, मी शाळा शिकलो न्हाई, पर एक उतारा माझ्याकडं हाय. किसन फायनल पास झाला, मोकळी जागा, मेला. मी एक एक बैल आणून बांधून बघतो. "परंतु" बांधला तर ते सरकारी वाटतं. "तरी" बांधला की वाटतं पास झालेल्याला मरण नसतं. "आणि" बांधवत न्हाई मला, तूच त्यो बांधला असतास तरी. "म्हणून" तर जवळ बी आणत न्हाई, तरी त्योच सारखा दावं तोडून येतो. गुर्जींस्नी इचारलं. त्यांनी मान हलवली आन फळा पुसायला लागले. फळ्यावर काय बी लिवलेलं न्हवतं.

तुझं दिवस घातलं आन मला ताप आला. आधी पायाची बोटं. मी पायाकडं बघितलं आन वळखलं. तवापासनं एक दिवसाआड येतोय. लोक म्हणत न्हाईत, पर बघत्यात. म्हादूनं तापाची चेष्टा केली, चावडीवर बसून त्याला फसवला म्हणाला. ताप उलटला, किसनवर पडला, आता हिशोब पुरा करायला म्हादूकडं आलाय. मी तसंच म्हणतो. मला पटतं ते. मला समद्याच्या मागं काहीतरी दिसतं, तुला ठाऊक हाय. उद्या दुपारी दारात कुणी नाव घिऊन हाक मारली तर ओ देऊ का गप ऱ्हाऊ? तू असतास तर हसला असतास, मग मला बी हसू आलं असतं. आता एकट्यानं हसाय भ्या वाटतं, गड्या.

तुझे उपकार बी सांगायचे हुते. माणसात बसवलंस मला. चुकीचं बोलायला काम दिलंस. पर ते ऱ्हाऊ दे. खरं तेवढं लिवा, वैनी. लिवा, किसन गेला त्यो म्हादूच्या सोंगापायी.

वैनींनी टाक खाली ठिवला. लिवत न्हाईत. कागदाकडं न्हाई, माझ्याकडं बघायला लागल्यात. मग बोलल्या. मी म्हणलं, जे बोलला ते बी लिवा, म्हणून त्यांनी टाक उचलून लिवलंय, असं:

"भावजी, घरटी एक माणूस तापानं पडलाय. त्यांच्याकडं कोण गेलं हुतं सोंग काढायला? औषध मिळालं न्हाई, ते गेले. तुमच्या सोंगाला माणूस धड हसत न्हाई, मरंल कुठनं?"